कातोचा उसना चेहरा

आमच्या लुवांगी बंदरावर दारांना कुलपं कमीच. वाळत घातलेल्या जाळ्याला कोण कुलूप लावणार? पण एक कुलूप असं होतं की त्याची किल्ली दोन पायांवर चालायची, माझ्या बाकड्यावर बसून चहा प्यायची आणि "सेंगा, आलं जरा जास्त घाल" म्हणायची. त्या किल्लीचं नाव कातो.

मला सगळे सेंगा म्हणतात, म्हणजे आत्या. या बेटावर माझा सख्खा भाचा एकही नाही, पण आत्याचं काम कान धरण्याचं, आणि ते मी चोख करते. सिनेमा हॉलच्या दारासमोर माझी चूल आहे. तळलेला कसावा, मुकेने नावाची बोटभर चंदेरी मासळी आणि चहा. हॉलमध्ये जाणारा-येणारा प्रत्येक जण माझ्या चुलीवरूनच जातो, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय हे मला विचारायला लागत नाही.

हॉल बांधला वास्वानं. फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, आत बाकडी आणि समोर पांढरी रंगवलेली भिंत. वास्वा आणि कातो जुळे. आधी आला तो वास्वा, मागून आला तो कातो. आमच्यात जुळ्या मुलग्यांची नावं शोधत बसावं लागत नाही, ती ठरलेलीच असतात. त्यांच्या आईलाही नवं नाव मिळतं, नालोंगो. आमच्या नालोंगोचं माहेरचं नाव आता तिला तरी आठवतंय की नाही, शंकाच आहे.

दोघं दिसायला इतके सारखे की लहानपणी एकाचा मार दुसऱ्याला बसायचा. स्वभाव मात्र दोन टोकांचे. वास्वा बोलका. सिनेमा चालू झाला की भिंतीशेजारी माइक घेऊन उभा राहायचा आणि परक्या भाषेतलं सगळं आमच्या लुगांडात सांगायचा. त्याच्या तोंडी चिनी पहिलवान लुवांगीच्या कोळ्यांसारखे भांडायचे, आणि हिंदुस्थानी सिनेमातली सासू अशी तडतडायची की मला माझी सासू आठवून घाम फुटायचा. कातो मुका नव्हता, पण बोलायची वेळ आली की दोरा दातात धरायचा. पाण्यापलीकडे मसाक्याला तो शिंपीकाम करायचा. एका दुकानाच्या ओसरीत त्याची मशीन, शेजारी एडिसाची मशीन. दोघांचं जमलेलं आहे हे त्या दोघांना सोडून सगळ्यांना आधी कळलं. कातोला तेव्हा दाढी होती, काळीभोर, नीट कातरलेली. एडिसाला ती आवडायची.

आता कुलपाचं सांगते. पूर्वी सगळेच हॉलवाले कुठून तरी उतरवलेले चोरीचे सिनेमे लावायचे. मग एक दिवस साहेब लोक बोटीनं आले आणि शेजारच्या बेटावरच्या हॉलमधली यंत्रं उचलून घेऊन गेले. वास्वानं कानाला खडा लावला. म्हणाला, "आपण सरळ मार्गानं जायचं. रीतसर विकत घ्यायचे." त्यानं कंपालाला जाऊन एका कंपनीकडे नाव नोंदवलं. मासळीच्या पैशातून एकेक सिनेमा घेत गेला. कंपनीचे लोक म्हणाले, एकदा घेतलात की कायमचे तुमचे.

कायमचे तुमचे, पण अट अशी की ते सिनेमे त्या एकाच कॉम्प्युटरवर चालणार. दुसरीकडे नेता येणार नाहीत, पेनड्राइव्हवर उतरवता येणार नाहीत. आणि महिन्यातून एकदा मालकानं कॉम्प्युटरसमोर बसून आपला चेहरा दाखवायचा. चेहरा पटला की पुढचा महिनाभर सिनेमे उघडणार. आमच्या बंदरावर रेंज नाही, ती चर्चच्या मागच्या टेकडीवर. वास्वा दर महिन्याला कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन टेकडी चढायचा आणि पोरं मागून ओरडायची, "वास्वा चालला लग्नाला! नवरीला तोंड दाखवायला!"

मी तेव्हाच त्याला म्हणाले होते, "अरे, मी कढई विकत घेतली, तर तिच्यात मुकेने तळू की कसावा, हे कढईवाला मला विचारत नाही. आणि दर महिन्याला माझं थोबाड बघायलाही येत नाही."

वास्वा हसला. म्हणाला, "सेंगा, तुझं थोबाड एकदा बघितल्यावर पुन्हा यायची हिंमत होईल का त्याची?"

असा होता. म्हणून तर अजून राग येतो.

पुढे एका दुपारी सरोवरावर वारा फिरला आणि वास्वाची होडी उलटली. आमच्यात जुळं मेलं असं म्हणत नाहीत. जुळं उडून जातं. त्याच्यासाठी रडायचं नाही, तो शब्द उच्चारायचा नाही, नाहीतर मागे राहिलेल्यालाही तो ओढून नेतो. नालोंगो या बाबतीत फार कडक. तिनं स्वतः डोळ्यांतून टिपूस काढलं नाही आणि आम्हालाही काढू दिलं नाही. सगळ्या बंदरानं आवंढे गिळले.

आणि त्यातच कंपनीचा फोन आला. महिना उलटून गेला होता, चेहरा दाखवायचा राहिला होता. वास्वाचा फोन नालोंगोच्या हातात होता, आणि आम्ही सगळ्या बायका टेकडीवर तिच्याभोवती, कारण नातेवाइकांना कळवायचं होतं. पलीकडचा माणूस कुठल्या तरी दुसऱ्या देशातला, स्वाहिलीत बोलत होता.

"वास्वा आहेत का?"

"नाहीये," नालोंगो म्हणाली.

"कधी येतील?"

तिनं फोन या कानावरून त्या कानावर नेला. त्या माणसानं जरा थांबून हळू आवाजात विचारलं, "माफ करा आई, ते वारले आहेत का? तसं असेल तर सांगा, सगळं त्यांच्या बायकोच्या नावावर करता येईल."

तो बिचारा भल्यासाठीच विचारत होता. पण नालोंगोच्या अंगाची लाहीलाही झाली. "तुझ्या तोंडात माती पडो! माझ्या जुळ्याला मेला म्हणतोस? माझा वास्वा मेलेला नाही!"

"बरं बरं," तो माणूस घाबरून म्हणाला, "तशी नोंद करतो. मग त्यांना तेवढा चेहरा दाखवायला सांगा."

आमच्यातल्या एकीनंही तिच्या हातून फोन घेतला नाही. मीही नाही. तिच्या जागी आमच्यातली कुणीही असती तर हेच बोलली असती.

वास्वाची बायको, म्हणजे कागवाची आई. तिचा कागवा तेव्हा रांगत होता आणि त्याच्या वरच्या दोघी अजून शेंबड्या होत्या. होडी गेली, नवरा गेला, राहिला तो हॉल. आणि हॉलमधला कॉम्प्युटर म्हणत होता, मालकाला बोलवा. ती कातोसमोर येऊन उभी राहिली. बातमी कळून आलेला तो मसाक्याला परत जायला निघालेला, बोचकं बांधलेलं.

"भाऊजी, तुमचा चेहरा तोच आहे. एकदाच दाखवा. तोवर मी काहीतरी बघते."

"एकदाच?" कातोनं विचारलं.

"एकदाच."

नालोंगोनं वास्वाचा वस्तरा आणला आणि माझ्या बाकड्यावर बसवून कातोची दाढी स्वतःच्या हातानं उतरवली. दाढीखालून वास्वा बाहेर आला. कागवाची आई तोंड फिरवून उभी राहिली. नालोंगो मात्र त्याच्या गालावरून हात फिरवत राहिली, थांबेचना. मला त्याच वेळी वाटलं, की हा पोरगा आता काही लवकर सुटत नाही.

टेकडीवर कॉम्प्युटरनं त्याच्याकडे बघितलं आणि 'स्वागत आहे, वास्वा' असं म्हणून दार उघडलं. पोरांनी आरोळ्या ठोकल्या.

एकदाच म्हणता म्हणता दुसरा महिना आला, मग तिसरा, आणि महिन्यांची वर्षं झाली. काहीतरी बघते म्हणणाऱ्या कागवाच्या आईनं खरंच सगळं बघितलं. नवऱ्याचा माइक स्वतः हातात घेतला. आधी बायका फिदीफिदी हसल्या, पुरुषांनी नाकं मुरडली. पण तिला सगळे सिनेमे पाठ होते आणि जीभ नवऱ्याइतकीच धारदार. हॉल पुन्हा भरायला लागला. कातोला तिथे काम उरलं नाही. त्यानं फक्त महिन्यातून एकदा टेकडी चढायची आणि बाकीचे दिवस तोंड सांभाळायचं.

तोंड सांभाळायचं म्हणजे काय, ते सांगते. दाढी वाढवायची नाही. केस वास्वासारखेच कापायचे. जाड झाला तर कागवाची आई ताटातला पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, कमी करायची. बारीक झाला तर नालोंगो माझ्या अंगावर यायची, "सेंगा, माझ्या पोराला नीट खायला घालत नाहीस का? गाल बघ कसे बसलेत!" एकदा होडीचा दोर सुटून त्याच्या भुवईवर लागला. भळाभळा रक्त. सगळं बंदर धावून आलं, आणि सगळ्यांनी एकच विचारलं, "वण राहील का?" दुखतंय का, असं एकानंही विचारलं नाही. मी हळद शोधत होते, म्हणून मीही विचारलं नाही.

कातो मला म्हणाला, "सेंगा, हे बंदर माझ्या चेहऱ्यावर भाड्यानं राहतंय. मी कुठे राहू?"

मी त्याला कसाव्याचे दोन तुकडे जास्त दिले.

सुटायचा मार्ग एकच होता. ते सिनेमे त्या कुलपातून बाहेर काढायचे, साध्या फाइलीत बदलायचे, म्हणजे कुठल्याही यंत्रावर चालतील आणि कुणाच्याही चेहऱ्यावाचून चालतील. विकत घेतलेलेच होते की! कागवाची आईही म्हणाली, "आपल्याच पोत्यातला मका दुसऱ्या पोत्यात ओतला तर त्याला चोरी म्हणतात का? करून बघा." तिला काय कातोला डांबून ठेवायची हौस नव्हती. त्याला बघितलं की तिचं काळीज रोज नव्यानं हलायचं, तेही मला दिसत होतं.

कातो कॉम्प्युटर घेऊन मसाक्याला गेला. तिथे एक कन्व्हर्ट करणारा होता, बसस्टँडमागच्या गाळ्यात. त्यानं सिनेमा चालू केला आणि दुसऱ्या यंत्रानं तो टिपायला लावला. टिपून झाल्यावर बघतात तो काय, आवाज आहे, चित्र नाही. नुसता काळा पडदा, आणि त्या काळोखात माणसं बोलताहेत, घोडे पळताहेत, कुणीतरी रडतंय.

"हा असाच येणार," तो कन्व्हर्टवाला म्हणाला. "परकं यंत्र डोकावलं की हा सिनेमा डोळे मिटून घेतो. माझ्याकडे चोरीचे आण, पाहिजे त्यात बदलून देतो. तुझे विकत घेतलेले आहेत, ते नाही बदलत."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. शेजारच्या बेटावरच्यानं नवी यंत्रं आणून पुन्हा पेनड्राइव्हवर चोरीचे सिनेमे सुरू केले होते, आणि तो मस्त पोट सुटेपर्यंत खात होता. त्याला कुणी पोशो कमी वाढत नव्हतं.

मग दुसरी युक्ती. भिंतीवर सिनेमा लावायचा आणि समोरून मोबाइलच्या कॅमेऱ्यानं टिपायचा. तसा एक टिपला. लोकांना दाखवला, तर पट्टे पळताहेत, रंग उडालेला, आणि मधेच कुणाच्या तरी डोक्याची सावली. लोकांनी बाकडी बडवली. एक म्हातारा ओरडला, "कागवाच्या आई, हा सिनेमा पाण्याखाली काढलाय का?"

आणि त्या पट्ट्यांतूनही ते नाव तरंगत गेलंच. ते सांगायचं राहिलं. कंपनीनं प्रत्येक सिनेमावर विकत घेणाऱ्याचं नाव घातलं होतं, फिकट अक्षरांत. मधूनमधून ते भिंतीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकत जायचं, म्हणजे चोरी झाली तर कुणाकडून झाली ते कळावं. वास्वा असताना त्याकडे कुणी बघत नव्हतं. तो गेल्यावर मात्र सगळ्यांच्या नजरा तिकडे. पहिलवान ऐन हाणामारीत असला तरी बायका पुटपुटायच्या, "आला बघ." नालोंगोला अक्षर वाचता येत नाही, पण तिला त्या नावाचा आकार ओळखू यायचा. ती रोज पहिल्या बाकड्यावर येऊन बसायची, सिनेमा कुठला आहे हे न विचारता. नाव येऊन गेलं की पदरानं चष्मा पुसायची आणि पुन्हा वाट बघायची.

म्हणून कन्व्हर्टचं नाव काढलं की ती उखडायची. "माझ्या पोराचं नाव पुसायला निघालात?"

"आई, आणि माझं नाव?" कातोनं एकदा विचारलं. "माझं कुठे लिहिलंय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, जणू हा प्रश्न कुणी दुसऱ्यानंच विचारला होता.

शेवटी त्यानं कंपनीलाच फोन लावला. मी शेजारी होते, माझ्या लेकीशी बोलायला टेकडीवर गेले होते.

"हे सिनेमे माझ्या भावजयीच्या नावावर करायचे आहेत," तो म्हणाला.

पलीकडे एक मुलगी होती, मधासारखी गोड. "आपण वास्वा बोलताय का?"

"नाही, त्यांचा भाऊ."

"माफ करा, मालकाशिवाय दुसऱ्या कुणाशी आम्हाला बोलता येत नाही."

"मालक राहिले नाहीत."

"असं कसं? त्यांच्या आईनं ते हयात असल्याचं कळवलंय. आणि गेल्याच महिन्यात त्यांनी स्वतः चेहरा दाखवलाय." मग तिचा आवाज बदलला. "की तो दुसऱ्या कुणी दाखवला?"

कातोनं फोन बंद केला. "सेंगा, खरं बोललो तर सिनेमे जातात, पोरं उपाशी राहतात. खोटं बोलत राहिलो तर मी जातो."

इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे हा पोरगा आपलं तोंड धुऊन उभा.

एडिसानं पुष्कळ वाट बघितली. एकदा ती स्वतः बोटीनं आली. उंच, नाकेली, पायात चांगले बूट. माझा चहा घेऊन म्हणाली, "सेंगा, तुमच्याकडे म्हणे माझा शिंपी अडकलाय."

"अडकलाय खरा. जाळ्यातून काढता येईना."

कातो आला. तिनं त्याच्या गुळगुळीत गालांकडे बघितलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. मग मान खाली घालून म्हणाली, "मला नवरा पाहिजे, कुणाची किल्ली नको. मी म्बारारात भावाकडे नवं दुकान टाकतेय. ईस्टरच्या आदल्या दिवशीच्या बोटीनं आलास तर बरोबर जाऊ. नाही आलास तर मी कपडे शिवायला विसरणार नाही, तुला विसरेन."

असं बोलून ती चहाचे पैसे ठेवून गेली. मी ते घेतले नसते, पण तिनं मला बोलायला वेळच दिला नाही.

ईस्टर जवळ आला आणि चेहऱ्याची तारीखही नेमकी त्याच आठवड्यात पडली. शुक्रवारी सकाळी कातो आणि कागवाची आई टेकडीवर गेली, मागून मी. कॉम्प्युटर उघडला. एका बाजूला वास्वाचा जुना फोटो, ज्यावरून तो ताडून बघायचा. दुसऱ्या बाजूला कातोचा आत्ताचा चेहरा.

'हा चेहरा मालकाचा नाही.'

कातोनं टोपी काढली. नाही. उन्हाकडे तोंड केलं. नाही. कागवाच्या आईनं कमरेच्या कापडानं त्याचं कपाळ पुसलं. नाही. मग तिथे लिहून आलं: उद्या दुपारपर्यंत एकच संधी, त्यानंतर खातं बंद.

मी ते दोन चेहरे शेजारी शेजारी बघितले. इतके दिवस आम्ही सगळे म्हणत होतो, तंतोतंत वास्वा. कुठला वास्वा! दुसऱ्याच्या चेहऱ्याआड आयुष्य काढणाऱ्याच्या डोळ्यांखाली जे साठतं ते कातोच्या डोळ्यांखाली साठलं होतं. कपाळावर आठ्या, कानशिलांवर पांढरं. फोटोतला वास्वा होता तिथेच थांबला होता, तरुण, हसरा, आत्ता काहीतरी चावट बोलेल असा. मागून आलेला कातो आता दोघांत थोरला झाला होता.

मला वाटलं, कातो उड्या मारेल. सुटला की! पण तो कॉम्प्युटरसमोरून उठेना.

संध्याकाळी हॉल बंद ठेवला. कागवाच्या आईनं माझ्या चुलीशी बसून कातोला सांगितलं, "भाऊजी, बस झालं. उद्याच्या बोटीनं जा. मला दोन हात आहेत, मी मासळी वाळवीन. सेंगाशेजारी ओटा टाकीन. तुमच्यावर फार दिवस जगलो आम्ही." आवाज स्थिर होता. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

कातोनं चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

सकाळी बोट धक्क्याला लागली तेव्हा मी चूल पेटवत होते. बघते तर कातो माझ्या बाकड्यावर आधीच बसलेला. बोचकं पायाशी, हातात वास्वाचा वस्तरा, समोर खांबाला माझा फुटका आरसा आणि त्याच्या शेजारी वास्वाचा एक फोटो. तो कानशिलांवरचे पांढरे केस काढत होता. गालाला साबण.

"हे काय रे?" मी ओरडले. "बोट आली! एडिसा पलीकडे उभी असेल!"

"जायचंय सेंगा. जाणारच आहे. तेवढं एकदा टेकडीवर जाऊन येतो."

"टेकडीवर गेलास तर बोट चुकेल. आणि कागवाच्या आईनं तुला मोकळं केलंय, मग कुणासाठी चाललास?"

त्यानं वस्तरा थांबवला. "सिनेमासाठी नाही. तो कॉम्प्युटर म्हणाला, मी वास्वासारखा दिसत नाही. इतकी वर्षं मी हेच मागत होतो ना? पण सेंगा, मी त्याच्यासारखा दिसत नसेन, तर तो आता कुठेच नाही. आरशातपण नाही." आणि मग त्याचा चेहरा वाकडा झाला. "एकदा, फक्त एकदा त्या यंत्रानं मला वास्वा म्हणावं."

कान धरणारी आत्या मी, पण कान धरायला हात वर होईना. बोटवाला शीळ घालत होता.

तेवढ्यात नालोंगो आली. ती रोज याच वेळी चहाला येते. तिनं बोट बघितली, बोचकं बघितलं, फोटो बघितला. मला वाटलं, आता ही त्याला टेकडीवर घेऊन जाणार. हीच तर त्याची दाढी उतरवणारी, हीच बाकड्यावर बसून नावाची वाट बघणारी. मनातल्या मनात मी तिला शिव्या द्यायलाही सुरुवात केली होती.

ती त्याच्यासमोर उभी राहिली. त्याच्या हातातला वस्तरा तिनं काढून घेतला, मिटला आणि माझ्या चुलीत टाकला. मग पदराच्या टोकानं त्याच्या गालावरचा साबण पुसला, आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा. तिचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. आयुष्यभर दातांखाली दाबलेला शब्द वर यायला वेळ लागतो.

"वास्वा मेला," नालोंगो म्हणाली. "माझा वास्वा मेलाय, कातो."

मग ती रडली. भर धक्क्यावर, सगळ्यांदेखत, मोठ्यानं. कातोनं तिच्या पोटात डोकं खुपसलं आणि तोही रडला, आणि कुणाचं कुणाला ओढून नेणं झालं नाही. बोटवाल्यानं शीळ घालायची थांबवली.

रडून झाल्यावर तिनं बोचकं उचलून त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या उघड्याबोडक्या हनुवटीला धरून म्हणाली, "जा आता. दाढी वाढव."